कोल्ड्रिंकवर ४० टक्के कर आहे, मग मधुमेह का हटत नाही?

इंदूरच्या एका शाळेतल्या शिक्षिकेचा प्रश्न असा आहे: "आमच्या शाळेत सीबीएसईच्या सूचनेप्रमाणे शुगर बोर्ड लावला. कोणत्या पेयात किती साखर, हे त्यावर लिहिलं. ते वाचून आठवीतल्या एका मुलाने विचारलं, सरकार कोल्ड्रिंकवर ४० टक्के कर घेतं तरी मधुमेह वाढतोच आहे. मग अशा कराने लोकांची तब्येत सुधारते, की नुसती तिजोरी भरते? मला नीट उत्तर देता आलं नाही. तुम्ही सांगाल का?"

ताई, आधी त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या. मी सव्वीस वर्षं इंदूरात मधुमेहाचे रुग्ण बघते आहे, शाळांमधून मुलांची तपासणीही करते, आणि हा प्रश्न इतक्या नेमक्या शब्दांत मोठ्या माणसांनीही मला क्वचितच विचारला आहे.

थोडक्यात सांगायचं तर, अशा कराने लोक गोड पेयं कमी विकत घेतात, याबद्दल माझ्या मनात आता शंका उरलेली नाही. लहान मुलांच्या दातांवर आणि काही प्रमाणात वजनावर त्याचा चांगला परिणाम दिसू लागला आहे. मधुमेह घटल्याचा थेट पुरावा हाती यायला मात्र अजून बरीच वर्षं जातील. आणि आपल्याकडचा ४० टक्के कर जगातल्या चढ्या करांपैकी असला, तरी तो साखरेवर लावलेलाच नाही. सगळा घोळ तिथेच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हा गॅसवाल्या पेयांवर २८ टक्के कर आणि वर १२ टक्के उपकर लागला, म्हणजे एकूण ४०. हा उपकर आरोग्यासाठी नव्हता, राज्यांचं जे महसुली नुकसान होणार होतं त्याची भरपाई करण्यासाठी होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून दर बदलले, उपकर गेला आणि सरळ ४० टक्क्यांचा टप्पा आला. गॅसवालं पेय होतं तिथेच राहिलं. पण त्याच दिवशी फळाचा गर किंवा रस घातलेल्या, गॅस नसलेल्या पेयांवरचा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दुधाच्या बाटलीबंद पेयांचाही तसाच.

आता माझ्याबरोबर शाळेजवळच्या किराणा दुकानात चला. काउंटरवर दहा रुपयांची २०० मिलिलीटरची कोला आहे. शेजारी दहाच रुपयांचा आंब्याच्या पेयाचा छोटा डबा आहे, स्ट्रॉ चिकटवलेला. दोन्ही पाठीमागून वाचा. कोलात १०० मिलिलीटरमागे साधारण साडेदहा ग्रॅम साखर, म्हणजे बाटलीत २१ ग्रॅम. आंब्याच्या बहुतेक पेयांत १०० मिलिलीटरमागे १२ ते १५ ग्रॅम, म्हणजे डबा लहान असूनही साखर जवळपास तेवढीच. आता कर बघा. कोलाच्या दहा रुपयांतले २ रुपये ८६ पैसे सरकारला जातात, आंब्याच्या दहा रुपयांतले फक्त ४८ पैसे. आणि तिसरी बाटली उचला, ज्यात साखर अजिबात नाही, कृत्रिम गोडी आहे, त्या पेयावरही ४० टक्केच. साखर असली तरी ४०, नसली तरी ४०, आणि गॅस काढून दहा टक्के फळ घातलं की ५. मग कारखानदाराने साखर कमी कशाला करावी? कराच्या हिशेबात त्याला त्याचा एक पैसाही परत मिळत नाही. आपण बुडबुड्यांवर कर लावला आहे.

फळाच्या पेयाला सवलत देण्यामागे आंबा पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा विचार आहे, आणि तो मला मान्य आहे. पण नियमाप्रमाणे त्या डब्यात किमान दहा टक्के फळ असलं तरी पुरतं. उरलेलं मुख्यतः पाणी आणि साखर. सवलत आंब्याच्या नावाने मिळते आणि तिचा मोठा वाटा साखरेच्या पाण्याला जातो.

याचा परिणाम माझ्या टेबलासमोर कसा बसतो ते सांगते. रामबागेतलं एक मराठी कुटुंब सोळा वर्षांच्या मुलाला घेऊन आलं होतं. वजन ९४ किलो. आईची तक्रार वेगळीच होती: "डॉक्टर, हा मान नीट घासत नाही. मी स्वतः दगडाने घासली, तरी मळ निघत नाही." मी त्याची कॉलर खाली केली. मानेवर मागच्या बाजूला काळपट, मखमलीसारखा जाडसर पट्टा होता. तो मळ नव्हताच. शरीरात इन्सुलिन भरपूर तयार होतं पण पेशी त्याला दाद देत नाहीत, तेव्हा कातडी अशी होते. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए१सी) काढली, ६.१ टक्के आली. मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

आई म्हणाली, "गोड तर हा खातच नाही. श्रीखंडसुद्धा ताटात ठेवून देतो." मी मुलाला विचारलं, कोचिंग कुठे? भंवरकुवा. सुटल्यावर काय पितोस? ६०० मिलिलीटरची बाटली, जवळजवळ रोज, मित्रांबरोबर. माझ्या टेबलावर साखरेची एक स्टीलची वाटी असते. मी रिकाम्या पेल्यात चहाच्या चमच्याने साखर टाकायला लागले, पाच ग्रॅमचा एक चमचा. एकूण तेरा टाकायचे होते. आठव्या चमच्याला आईने माझा हात धरला.

आणि मग ती जे बोलली ते मी विसरलेले नाही. म्हणाली, "ठीक आहे, उद्यापासून कोला बंद. आंब्याचं देत जाईन, ते फळाचं असतं ना." त्या माउलीची काय चूक? करांचा तक्ताही तिला हेच सांगतो आहे की हे ४० टक्क्यांचं म्हणजे वाईट आणि हे ५ टक्क्यांचं म्हणजे चांगलं. कर हा पैसे गोळा करण्याचा मार्ग असतो, तसा तो सरकारचा बोलण्याचाही मार्ग असतो. चुकीच्या जागी लावला तर तो चुकीचं बोलतो.

प्यायलेल्या साखरेचंच एवढं का, असं मुलं विचारतील. त्यासाठी २००० साली प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला एक छोटा, पण फार बोलका प्रयोग सांगा. पंधरा माणसांना चार आठवडे रोज ४५० कॅलरींच्या गोळ्या खायला दिल्या, चघळायच्या रंगीत गोड गोळ्या. मग मधे काही आठवडे जाऊ देऊन त्यांनाच चार आठवडे तेवढ्याच कॅलरींचं गोड पेय दिलं. गोळ्या खाल्ल्या तेव्हा माणसांनी बाकीचं जेवण आपसूक कमी केलं. पेय घेतलं तेव्हा जेवण तेवढंच राहिलं आणि वजन वाढलं. चावून खाल्लेल्याची पोट नोंद ठेवतं, प्यायलेल्याची तेवढी ठेवत नाही. जिलबी खाल्ली की नको होतं, कोलाच्या पाठोपाठ माणूस समोसाही खातो. शिवाय ती साखर आतड्यातून भराभर शोषली जाते आणि त्यातल्या फ्रुक्टोजचा भार यकृतावर पडतो. आता बारीक दिसणाऱ्या मुलांच्या सोनोग्राफीतही यकृतावर चरबी दिसते, आणि वीस वर्षांपूर्वी ती मला इतकी दिसत नव्हती. दिवसाला एक-दोन गोड पेयं पिणाऱ्यांना, न पिणाऱ्यांच्या तुलनेत मधुमेहाचा धोका सुमारे २६ टक्क्यांनी जास्त असतो, असं अनेक अभ्यास एकत्र करून २०१० मध्ये दाखवलं गेलं.

आता ज्यांनी कर लावून बघितला त्यांचं काय झालं?

मेक्सिको हा गोड पेयं पिण्यात जगात आघाडीवर असलेला देश. तिथे १ जानेवारी २०१४ पासून लीटरमागे एक पेसो कर लागला, किमतीत साधारण दहा टक्के वाढ झाली. पहिल्या वर्षी अशा पेयांची खरेदी सरासरी ६ टक्क्यांनी घटली आणि डिसेंबरपर्यंत घट १२ टक्क्यांवर गेली. गरीब घरांमध्ये ती डिसेंबरात १७ टक्के होती. दुसऱ्या वर्षीही घट टिकली. त्याच काळात कर नसलेल्या पेयांची, मुख्यतः पाण्याच्या बाटल्यांची खरेदी वाढली. लोकांनी दुसरं गोड काही शोधलं असतं तर कर फुकट गेला असता. बऱ्याच जणांनी पाणी घेतलं, हे मला सगळ्यात दिलासा देणारं वाटतं.

अमेरिकेत फिलाडेल्फिया शहराने जानेवारी २०१७ पासून औंसामागे दीड सेंट कर लावला. औंस म्हणजे जेमतेम ३० मिलिलीटर, तेव्हा हा कर चांगलाच जड होता. शहरातल्या मोठ्या दुकानांत विक्री ५१ टक्क्यांनी पडली. पण शहराच्या हद्दीबाहेर कर नव्हता, तिथे लोक जाऊन घेऊ लागले, त्यामुळे निव्वळ घट ३८ टक्के धरली जाते. डेन्मार्कने तर लोक सीमा ओलांडून जर्मनीत खरेदी करतात म्हणून २०१४ मध्ये आपला जुना कोल्ड्रिंक-कर रद्दच केला. या बाबतीत आपली स्थिती चांगली आहे. जीएसटी देशभर एकच असल्याने इंदूरचा माणूस स्वस्त कोलासाठी कुठल्या हद्दीबाहेर जाणार नाही. याची दुसरी बाजू अशी की एकट्या मध्य प्रदेशला किंवा एकट्या इंदूरला वेगळा कर लावून बघता येत नाही. केरळने २०१६ मध्ये बर्गर-पिझ्झावर साडेचौदा टक्के कर लावला होता, तो वर्षभरातच जीएसटीत विरघळला. जे काही करायचं ते जीएसटी परिषदेलाच करावं लागेल.

माझ्या मते सगळ्यात शिकण्यासारखं उदाहरण ब्रिटनचं आहे. तिथे मार्च २०१६ मध्ये घोषणा झाली आणि कर लागला एप्रिल २०१८ मध्ये. मधली दोन वर्षं कारखानदारांना मुद्दाम दिली होती. तेव्हा कराचे टप्पे असे होते: १०० मिलिलीटरमागे ५ ग्रॅमपेक्षा कमी साखर असेल तर शून्य. ५ ते ८ ग्रॅमला लीटरमागे १८ पेन्स. ८ च्या वर २४ पेन्स. झालं काय, की कंपन्यांनी ग्राहकाकडून कर वसूल करण्याऐवजी पेयाची कृतीच बदलली. आधी बाजारातली जवळपास निम्मी पेयं ५ ग्रॅमच्या वर होती, फेब्रुवारी २०१९ पर्यंत तो वाटा १५ टक्क्यांवर आला. गिऱ्हाइकाने काही ठरवलं नाही, निश्चय केला नाही, आईने मुलाला रागावलं नाही. नेहमीचीच बाटली, पण आत साखर कमी.

माणसाच्या मनोनिग्रहावर उभं राहिलेलं आरोग्य किती दिवस टिकतं, हे मी रोज दवाखान्यात बघते. संक्रांतीला ठरवलेलं होळीपर्यंत राहत नाही. त्यात लोकांचा दोष मला दिसत नाही. दर पन्नास पावलांवर फ्रीज भरून ठेवलेला असेल, तर माणूस किती वेळा नाही म्हणेल? म्हणून कारखान्यात कमी झालेली साखर मला उपदेशाने कमी झालेल्या साखरेपेक्षा जास्त मोलाची वाटते.

आणि तब्येत? ब्रिटनमध्ये त्या करानंतर दहा-अकरा वर्षांच्या मुलींमधला लठ्ठपणा, कर नसता तर जितका झाला असता त्यापेक्षा सुमारे ८ टक्क्यांनी कमी दिसला. मुलांमध्ये, म्हणजे मुलग्यांमध्ये, तसा फरक दिसला नाही. अगदी लहान वयातही दिसला नाही. हेही वर्गात सांगा, कारण पुरावा जसा आहे तसाच मांडायला हवा. दातांचं चित्र जास्त स्पष्ट आहे. किडलेले दात काढण्यासाठी रुग्णालयात भरती होणाऱ्या मुलांचं प्रमाण १२ टक्क्यांनी घटलं, आणि चार वर्षांपर्यंतच्या बाळांमध्ये तर २८ टक्क्यांहून जास्त. दात लवकर किडतो म्हणून सुधारणाही लवकर दिसते. मधुमेह व्हायला दहा-पंधरा वर्षं लागतात. आज बारा वर्षांच्या मुलाने कमी साखर प्यायली, तर त्याचा हिशेब तो तिशीत आल्यावर लागेल. तंबाखूचंही असंच होतं, कर वाढल्यावर विक्री लगेच पडली आणि फुप्फुसाचा कर्करोग घटायला दशकं लागली. तेव्हा "कर लावून मधुमेह घटला का" याला आज कुणी छातीठोक होय म्हणत असेल, तर तो पुराव्याच्या पुढे पळतो आहे. आणि अजून घटला नाही म्हणून कर व्यर्थ, असं म्हणणाराही तितकाच घाई करतो आहे.

भारतापुरता एक अंदाज २०१४ मध्ये मांडला गेला होता. गोड पेयांवर २० टक्के कर लावला तर दहा वर्षांत जास्त वजन आणि लठ्ठपणा ३ टक्क्यांनी, आणि मधुमेहाचे नवे रुग्ण १.६ टक्क्यांनी घटतील. आकडा लहान वाटेल. पण २०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत मधुमेही १० कोटींच्या वर निघाले आणि उंबरठ्यावरचे साडेतेरा कोटी. एवढ्या मोठ्या देशात दीड टक्का म्हणजे किती घरं, याचा हिशेब मुलांकडून करून घ्या. एका घरात डायलिसिस सुरू झालं की काय होतं ते मी बघितलं आहे. आधी दागिने जातात, मग मुलीचं शिक्षण.

आता आपल्या शहराबद्दल, कारण इंदूरात बसून फक्त बाटलीला दोष देणं बरोबर होणार नाही. आपल्याकडे वर्षाला माणशी साधारण २० किलो साखर लागते, आणि त्यातली बरीच घरच्याच डब्यातून जाते. माझे पन्नाशीपुढचे बहुतेक रुग्ण कोल्ड्रिंक पीतच नाहीत. ते दिवसातून चार-पाच कप चहा पितात, प्रत्येकात दोन चमचे. सकाळी पोह्यांबरोबर जिलबी. रात्री पाहुणे आले की सराफा, म्हणजे आपला रात्रीचा खाऊबाजार. तिथली शिकंजी लिंबाची नाही, आटवलेल्या दुधाची, केशर-वेलदोडा आणि सुकामेवा घातलेली, चमच्याने खावी अशी दाट. हिच्यातली साखर कोलाला सहज मागे टाकेल. पेयांवरचा कोणताही कर इथे पोहोचणार नाही. चहाच्या साखरेचं काम मला दवाखान्यातच करावं लागतं, दोन चमच्यांचे दीड, दीडचा एक, महिन्याला अर्धा चमचा असं उतरवत.

पण सराफ्याच्या शिकंजीवर कर लावा असं मी म्हणणार नाही. ती सणासुदीची, पाहुण्यांबरोबरची गोष्ट आहे, महिन्यातून एकदा राजवाड्यापर्यंत चालत जाऊन प्यायची. दहा रुपयांची बाटली मुलाच्या हाताच्या अंतरावर रोज असते, शाळेच्या फाटकापाशी, कोचिंगखाली, लग्नाच्या मांडवात. शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत असे जास्त साखरेचे पदार्थ विकू नयेत, असा २०२० पासूनचा नियम आहे. आपल्या शाळेबाहेर पावलं मोजून बघा.

चैत्रातल्या हळदीकुंकवाचंच घ्या. माझ्या लहानपणी आंब्याची डाळ आणि कैरीचं पन्हं असायचं. पन्ह्यात गूळ-साखर होतीच, ते काही औषध नव्हतं. पण ते वर्षातून काही दिवस, वाटीभर, कैरी उकडून करावं लागायचं. आता बऱ्याच घरी त्याऐवजी आंब्याच्या पेयाचे डबे वाटतात, स्ट्रॉसकट, आणि उरलेले फ्रीजमध्ये राहून मुलं आठवडाभर पितात. कष्ट गेले आणि त्यांच्याबरोबर मर्यादाही गेली.

दहा रुपयांबद्दल अजून एक सांगायला हवं, कारण परदेशी अभ्यासांत हे फारसं येत नाही. आपल्याकडे मुलांच्या खरेदीवर राज्य चालतं ते नाण्याचं. पाच, दहा, वीस. कंपनी किंमत सहजासहजी अकरा करत नाही, कारण सुटे एक रुपये कुणी बाळगत नाही. म्हणून किमतीच्या टक्क्यात लावलेला कर मुलापर्यंत पोहोचतच नाही. आकार थोडा लहान होतो, नफा इकडचा तिकडे होतो, मुलाच्या हातातली दहाची नोट तशीच राहते. उलट स्वस्त बाटलीवर टक्क्याने करही कमी बसतो, म्हणजे जितकी स्वस्त साखर तितका हलका कर. समजा, ब्रिटनसारखे टप्पे केले आणि ८ ग्रॅमच्या वरच्या पेयावर लीटरमागे दहा रुपये लावले. मग २०० मिलिलीटरच्या बाटलीवर दोन रुपये येतात. दहाची बाटली बारा होते आणि बारा आपल्या बाजारात चालत नाही. कंपनीपुढे दोनच वाटा उरतात, बाटली लहान करा किंवा साखर ५ ग्रॅमच्या खाली आणा. दोन्हीत मुलाच्या पोटात साखर कमी जाते. हा आकडा मी नुसता समजावण्यासाठी घेतला आहे, पण कराची रचना कशी हवी ते त्यातून दिसतं.

अशा करात आंब्याचं पेय, गोड दूध, एनर्जी ड्रिंक, सगळं एकाच मापाने मोजलं जावं: १०० मिलिलीटरमागे किती साखर. ब्रिटनने सुरुवातीला दुधाची पेयं वगळली होती. आता २०२८ पासून त्यांनाही आत घ्यायचं आणि ५ ग्रॅमची मर्यादा साडेचारवर आणायचं ठरवलं आहे. साखर घटवताना कंपन्या कृत्रिम गोडी घालतात, हा धोका खरा आहे. वजन कमी करण्यासाठी अशा गोडीवर विसंबू नका, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. मी मुलांच्या बाबतीत आणखी कडक आहे, कारण जिभेला सतत गोडाची सवय राहिली तर ती कुठून ना कुठून साखर शोधतेच. मुलांना पाणी, ताक, किंवा कमी साखरेचं लिंबू सरबत.

"गरिबावरच बोजा पडतो" हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि मी तो हलका मानत नाही. पण मेक्सिकोत सगळ्यात जास्त सोडलं ते गरीब घरांनी. ज्याने बाटली घेतली नाही त्याला कर लागला नाही. आणि आजाराचा बोजा कुणावर पडतो ते बघा. श्रीमंताला मधुमेह झाला तर तो सांभाळतो, हातगाडीवाल्याला झाला तर पायाची जखम चिघळेपर्यंत तो दवाखान्यात येत नाही. तरीही एक अट मी घालीन. या करातून जमा होणारा पैसा दिसेल अशा कामाला लागला पाहिजे, आणि पहिलं काम शाळेत थंड, स्वच्छ पिण्याचं पाणी. मेक्सिकोत कराबरोबर शाळांमधल्या पाण्याच्या नळांचंही आश्वासन दिलं होतं. नर्मदेचं पाणी सत्तर किलोमीटरवरून उपसून आपण इंदूरात आणलं. मे महिन्यात दुपारी एक वाजता शाळेच्या टाकीचं पाणी गरम येत असेल, तर मूल फाटकाबाहेरच्या फ्रीजकडेच जाणार.

तेव्हा त्या मुलाला सांगा, तुझा संशय अर्धा बरोबर आहे. आपला सध्याचा कर तिजोरीसाठीच आखलेला आहे आणि त्याने तिजोरीच भरते. पण तोच कर साखरेच्या ग्रॅमवर लावला तर तब्येतीचंही काम करतो, हे दुसऱ्या देशांनी करून दाखवलं आहे.

आणि वर्गात हे करून बघा. मुलांना घरून रिकाम्या बाटल्या आणि डबे आणायला सांगा, धुऊन. पाठीमागची साखरेची ओळ वाचायची, १०० मिलिलीटरचा आकडा बाटलीच्या मिलिलीटरने गुणून १०० ने भागायचा आणि तेवढी साखर तोलून पारदर्शक पिशवीत भरायची. मग त्या पिशवीवर दोन आकडे लिहायचे: साखर किती ग्रॅम, आणि किमतीतला कर किती पैसे. ४० टक्क्यांवाल्याची किंमत १.४ ने भागायची, ५ टक्क्यांवाल्याची १.०५ ने, आणि जे येईल ते किमतीतून वजा करायचं. सगळ्या पिशव्या साखरेच्या क्रमाने शुगर बोर्डाखाली टांगा. कराचे आकडे त्या क्रमाने लागत नाहीत, हे मुलांना आपोआप दिसेल. कुठल्याही मंगळवारी दुपारी बोलवा, मी येईन. ग्रॅमचा वजनकाटा माझ्याकडे आहे, तो घेऊन येते.